खान्देशात समुद्र सांभाळताना

घरात किंवा दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याचा टँक लावायचं ठरलं, की जळगाव-धुळ्याकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो फिल्टर कोणत्या कंपनीचा घ्यायचा हा. मासे कोणते, मीठ कुठून आणायचं, लाइट केवढा, हे सगळं नंतर. प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक समजूत आधीच गृहीत धरलेली असते: फिल्टर म्हणजे यंत्र, आणि ते जितकं मोठं नि महाग तितकं पाणी चांगलं. टँक लावून देण्याच्या आणि पुढे ते सांभाळण्याच्या कामात राहून माझं मत याच्या उलट झालं आहे. खाऱ्या पाण्यातला खरा फिल्टर म्हणजे दगडांवर, वाळूत आणि स्पंजात राहणारे जिवाणू. डबा, पंप, पाइप ही त्यांच्या राहण्याची सोय. म्हणून नवख्याने तासाला किती लिटर पाणी फिरतं हे बघण्याआधी एवढंच बघावं, की मे महिन्यात, वीज गेलेली असताना, आपल्याकडच्या पाण्यावर हे जिवाणू तग धरतील का. ही कसोटी लावली, तर दुकानात सर्वांत आधी दाखवला जाणारा बंद कॅनिस्टर फिल्टर खान्देशापुरता मागे पडतो आणि उघडा सम्प, भरपूर दगड नि एक साधा स्किमर ही मांडणी पुढे येते.

माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना घातक, तिसरं पुष्कळच सौम्य. गोड्या पाण्यातही हेच घडतं, त्यामुळे गोल्डफिश सांभाळलेल्या माणसाला यात नवीन काही वाटत नाही. फरक पडतो तो सामूमुळे. अमोनियाचा जो भाग प्रत्यक्ष मासा मारतो, त्याचं प्रमाण पाण्याचा सामू आणि तापमान यांच्याबरोबर चढतं. सामू सातच्या आसपास असेल तर हा भाग शेकडा एकाहूनही कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या घरात, तिथे तो सात टक्क्यांच्या आसपास जातो, पाणी तापलं की आणखी वर. प्राणवायूचंही तसंच. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. खाऱ्या पाण्यात पावणेसात, आणि ३० अंशांना सहाच्या थोडा वर. मासे आणि जिवाणू दोघेही याच साठ्यावर जगतात आणि उष्मा वाढला की दोघांनाही तो जास्त लागतो. साठा आटतो नेमका तेव्हाच मागणी वाढते. गोड्या पाण्यात जो हलगर्जीपणा खपून जातो तो इथे खपत नाही, याचं कारण हे दोन आकडे आहेत; समुद्री मासा नाजूक असतो म्हणून नव्हे.

केळीच्या पट्ट्यातल्या माणसाशी फिल्टरबद्दल बोलताना ठिबकचा दाखला हटकून निघतो, आणि गैरसमजाचं मूळही बरंचसं तिथेच असतं. रावेर, यावल, चोपड्याच्या शेतकऱ्याला सँड फिल्टर, डिस्क फिल्टर, बॅकवॉश हे सगळं हाताखालचं. जैन इरिगेशनच्या जिल्ह्यात ते असायचंच. ठिबकचा फिल्टर गाळ अडवतो, गेजवर दाबातला फरक वाढलेला दिसला की बॅकवॉश करायचा, गाळ शेताबाहेर. लॅटरलमध्ये शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर धरला तर क्लोरीन सोडून तो मारायचा, क्षार साचले तर आम्ल सोडायचं. टँकमध्ये या दोन्ही गोष्टी नेमक्या उलट होतात. इथे अडवलेला गाळ पाण्याच्या वाटेतच पडून राहतो. विष्ठा स्पंजात अडकली म्हणजे ती पाण्यातून गेली असं नाही. ती तिथेच कुजते, तिचा अमोनिया होतो, आणि टँक मात्र काचेसारखा लख्ख दिसतो. धोक्याची सूचना देणारा गेजही इथे नसतो. शिवाय ठिबकमध्ये जो बुळबुळीत थर शत्रू, तोच इथे आपला फिल्टर. पांढराशुभ्र होईपर्यंत नळाखाली स्पंज चोळणारा माणूस टीसीएल पावडरच्या पाण्याने आपल्या हाताने तो थर मारून टाकतो. चार दिवसांनी मासे वर येऊन धापा टाकायला लागले की त्याला वाटतं, फिल्टर कमी पडतोय, मोठा घ्यायला हवा.

आता कॅनिस्टर. टँकखाली कपाटात बसणारा हा हवाबंद डबा दिसायला सुटसुटीत, आवाज नाही, काचेच्या आत काही लटकत नाही. वीज आहे तोवर त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. वीज गेली की डब्यातलं पाणी जागच्या जागी थांबतं. आत जिवाणूंची दाट वस्ती, त्यांच्या जोडीला अडकलेला गाळ, आणि हवेला शिरायला फट नाही. आतला प्राणवायू काही तासांत संपतो. मग हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि त्यांच्यातले काही पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. समुद्राच्या पाण्यात हे सल्फेट लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त असतं, गोड्या पाण्याच्या मानाने कितीतरी पट. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो आणि ते सडलेलं पाणी थेट माशांच्या अंगावर सोडतो. म्हणून ज्यांच्याकडे कॅनिस्टर आहेच त्यांना एक सवय लावून घ्यावी लागते. वीज बराच वेळ गेली की आधी त्याचा प्लग काढून ठेवायचा. वीज आल्यावर झाकण उघडून वास घ्यायचा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर डब्यातलं पाणी ओतून द्यायचं, आतले रिंग नि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात विसळायचे, आणि मगच पंप लावायचा. हे सगळं रात्री दोन वाजता कोण करणार, हा खरा प्रश्न आहे. खान्देशात वीज जाते ती वेळापत्रकाने जाईलच असं नाही. मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ येतं तेव्हा विजेचे खांबही त्याच वाऱ्यात पडतात.

यावर मुंबई-पुण्याकडची मंडळी सांगतात की त्यांचे कॅनिस्टर वर्षानुवर्षं नीट चालले आहेत. ते खरं आहे आणि मला त्यात शंका नाही. जिथे वीज क्वचित जाते आणि खोलीचं तापमान तिशीच्या खाली राहतं, तिथे ही कसोटीच लागत नाही. दुसरा आक्षेप इन्व्हर्टरचा: घरोघरी तो आहेच, त्यावर फिल्टर लावला की झालं. यात तथ्य आहे, पण मग त्याच बॅटरीवर काय लावणं शहाणपणाचं, हेही बघायला हवं. संकटकाळात माशाला पाणी गाळून नको असतं, त्याला प्राणवायू हवा असतो. काही वॅटचा साधा हवेचा पंप किंवा टँकच्या पाण्यातच बसणारा एक छोटा पंप (पॉवरहेड) पृष्ठभागावरचं पाणी हलवत राहिला तर मासे रात्र काढतात, आणि दगडांवरचे जिवाणूही. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर पाण्यातले पंप त्यावर गुरगुरतात, तापतात; घ्यायचाच तर साइन वेव्हचा घ्यावा.

उघडा सम्प म्हणजे मुख्य टँकखाली ठेवलेला दुसरा टँक. वरून ओव्हरफ्लोने पाणी खाली येतं, कप्प्याकप्प्यांतून जातं, रिटर्न पंप ते वर पाठवतो. वीज गेली तरी त्याच्या पाण्याचं तोंड हवेला उघडंच राहतं, त्यामुळे डब्यासारखी गुदमर होत नाही. जळगावात किंवा धुळ्यात टँक बनवणारा कुठलाही काचवाला कप्पे पाडून तो करून देतो. त्याला दोन गोष्टी मात्र बजावून सांगाव्या लागतात. पंप थांबल्यावर वरचं जादा पाणी खाली उतरतं, तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. आणि रिटर्नच्या पाइपला, पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली, एक बारीक भोक हवं. पंप बंद पडला की पाणी उलट दिशेने सायफनने ओढलं जातं. पातळी त्या भोकाखाली उतरली की आत हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोक नसेल तर पाइपचं तोंड जितकं खोल, तितकं पाणी फरशीवर. हे भोक शेवाळाने आणि मिठाच्या पापुद्र्याने बुजतं. दर आठवड्याला टूथपिक फिरवायची आणि महिन्यातून एकदा मुद्दाम पंप बंद करून पाणी कुठवर चढतं ते बघायचं.

दगड हा या मांडणीचा कणा. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये लिहून ठेवलं की समुद्रातले सच्छिद्र दगड आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढ्यावर समुद्री जीव उत्तम राहतात. तेही उष्ण प्रदेशात, आणि फिल्टरचा डबा न वापरता. पुढे जर्मन हौशी लोकांनी दगडांना स्किमरची जोड दिली, तीच बर्लिन पद्धत म्हणून ओळखली गेली. सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या थरात अमोनिया खाणारे जिवाणू राहतात आणि आत खोल, जिथे प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे. एकाच दगडात दोन कामं. पण आपल्याकडे दगड कुठला, हे नीट बघावं लागतं. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्या किनाऱ्यावरून तो तोडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे, आणि शोभेसाठी ठेवलेला मेलेला प्रवाळही त्यातून सुटत नाही. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कोणी प्रवाळाचे तुकडे पुढे केले तर ते घेऊ नयेत. कोरडा सच्छिद्र कृत्रिम दगड किंवा सिरॅमिकचे ठोकळे घ्यावेत. त्यांच्यावर जिवाणू धरायला चार ते सहा आठवडे जातात, थंडीत जास्तही. पण जे धरतात ते आपल्याच पाण्यात वाढलेले असतात.

स्किमर नवख्याला चैन वाटतो. माझ्या मते पैसे कुठे वाचवायचे असतील तर लाइटमध्ये वाचवावेत, स्किमरमध्ये नाही. तो बारीक बुडबुड्यांचा खांब उभा करतो. प्रथिनांचे रेणू हवा-पाण्याच्या सीमेवर चिकटतात, फेसाबरोबर वर चढतात आणि कपात तपकिरी, घाण वासाचं पाणी होऊन जमतात. ही घाण अमोनिया होण्याआधीच पाण्याबाहेर जाते. ठिबकच्या बॅकवॉशने जे साधतं ते टँकमध्ये साधणारं हेच एक उपकरण. वर ते पाण्यात प्राणवायूही घालतं. गोड्या पाण्यात बुडबुडे लगेच एकमेकांत मिसळून मोठे होतात म्हणून हे तिथे नीट चालत नाही. त्यामुळे गोड्या पाण्याच्या दुकानदाराला त्याची सवय नसते. कप दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करताना त्याची मानही आतून बोटाने पुसावी लागते. तिथे तेलकट थर राहिला की फेस वर चढतच नाही, आणि लोक पंप बिघडला म्हणून तक्रार करतात.

एवढं करूनही टँक बिघडतो तो बहुतेकदा टँकमध्ये येणाऱ्या पाण्यामुळे. मी तर म्हणेन, खान्देशातला पहिला फिल्टर टँकच्या बाहेर बसतो. बोअरचं पाणी जड, आणि केळी-कपाशीला वर्षानुवर्षं दिलेल्या खतामुळे त्यात नायट्रेट उतरलेलं. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत जळगावचं नाव आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादाच लिटरला ४५ मिलिग्रॅम. तेवढं असलेलं पाणीही टँकमध्ये घालायचं म्हणजे जो पदार्थ कमी करायचा तोच बादलीने ओतायचा. जळगावचं वाघूर धरणाचं किंवा धुळ्याचं तापी-नकाण्याचं नळाचं पाणी त्या मानाने बरं, पण त्यात क्लोरीन आलंच, आणि काही दिवसांआड येणारं पाणी टाकीत साठून राहतं. त्यामुळे आरओचं पाणी, आणि जमल्यास त्यापुढे उरलेले क्षार शोषून घेणारी डीआयची एक नळी. घरच्या आरओला चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करून घ्यावा. जारचं पाणी घेत असाल तर टीडीएस मीटर बुडवून बघावं; जारवाला बदलला की आकडा बदलतो. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध दिसतं, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असू शकतं, आणि तांबं कोळंबी-खेकड्यांना विषच.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ज्या धुळ्यात नळाची वाट बघत लोक दिवस काढतात, तिथे एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सोडून देणारा आरओ माशांसाठी चालवावा का? दोनशे लिटरच्या टँकला मे महिन्यात पाणी बदलायला आणि उडालेलं भरून काढायला मिळून दीडशे लिटरच्या पुढे शुद्ध पाणी लागतं. म्हणजे मागे सोडलेलं तीन-चारशे लिटर. ते फरशी, मोरी, संडासासाठी वापरलं जात असेल तरच हा टँक आपल्याकडे शोभतो. आणि जिथे तशी पिंपं भरून ठेवायची तयारी नाही, तिथे मी टँक लहान करायला सांगत नाही, तो लावूच नका म्हणतो. लहान टँकमध्ये पाणी थोडं लागतं हे खरं, पण तो तापतोही लवकर आणि खारटही लवकर होतो.

समुद्राचं पाणीच का आणू नये, असंही विचारलं जातं. मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते समुद्राला लागून; तिथे ते शोभलं. धुळ्याहून सुरतेला तीन-चार तासांत पोचता येतं, आपली तापीही शेवटी तिकडेच जाऊन मिळते. पण खंभातच्या आखातातलं पाणी गढूळ, नदीच्या मुखाशी खारटपणा भरतीओहोटीगणिक बदलणारा, आणि शहराचं सांडपाणी त्यात आलेलं. मुंबईच्या किनाऱ्याचंही तेच. पिशवीतलं समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅम घातलं, की दोनशे लिटरला सात किलो. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट ठरल्या मापात असतात, म्हणून स्वयंपाकाचं मीठ त्याची जागा घेऊ शकत नाही.

उन्हाची गोष्ट मात्र वाटते तितकी निराशाजनक नाही. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा चिलरशिवाय खाऱ्या पाण्याचा टँक अशक्य, असं बाहेरचे लोक म्हणतात. पण आपलं ऊन कोरडं असतं. पृष्ठभागावर तिरका फिरणारा छोटा पंखा मुंबईच्या दमट हवेत फारसं काही साधत नाही. इथे तो पाणी खोलीपेक्षा बरंच थंड ठेवतो. त्याच खोलीत वाळ्याचा कूलर सुरू असेल तर हवा ओली होते आणि पंख्याचा जोर उतरतो, त्यामुळे टँक आणि कूलर एका खोलीत नकोत. या थंडाव्याची किंमत बाष्पीभवनाने चुकवावी लागते. ९० बाय ४५ सेंटीमीटरच्या टँकमध्ये पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे चार लिटर पाणी गेलं, आणि मीठ सगळं मागेच राहिलं. रोज तेवढी उतरत असताना पाच दिवस दुर्लक्ष केलं तर दोनशे लिटरचे एकशेऐंशी होतात आणि ३५ चा खारटपणा ३९ ला जाऊन टेकतो. भरून काढताना गोडं, शुद्ध पाणीच घालायचं, खारं नाही, आणि तेही सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं. सम्प असला की पातळीचा हा चढउतार फक्त रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसतो. तिथे मार्करने रेघ मारून ठेवली की घरातलं दहा वर्षांचं पोरही ते काम करतं. उघड्या सम्पाच्या बाजूने बोलणारं हे माझं सर्वांत आवडतं कारण आहे.

बाकी देखभाल थोडी आणि ठरल्या दिवशी. सम्पमध्ये गाळ अडवायला ठेवलेलं फिल्टर वूल आठवड्याला फेकून नवं लावायचं, धुऊन पुन्हा वापरायचं नाही. पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, त्याआधी दगडांच्या फटींत पिचकारीने पाणी मारून गाळ उठवायचा. पंपाचा इम्पेलर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये भिजवायचा. एका दिवशी वूल, दगड, वाळू, सम्प सगळं एकदम साफ करू नये. दिवाळीच्या साफसफाईचा उत्साह इथे माशांच्या जिवावर बेततो.

टँक कधी सुरू करावा, यालाही आपल्याकडे महत्त्व आहे. सुट्टी लागली म्हणून एप्रिलमध्ये टँक लावणारे पुष्कळ. तेव्हा जिवाणूंची वस्ती धरत असते आणि वरून वर्षातलं सर्वांत कडक ऊन. त्यापेक्षा दिवाळी उरकल्यावर मीठ कालवावं, डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी दोनशे वॅटचा हीटर लावावा आणि मासा न घालता अमोनियाच्या थेंबांवर जिवाणू वाढवावेत. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही दिसेनासं झालं, की टाकीत पैदास झालेल्या क्लाउनफिशची एक जोडी आणावी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अशी पैदास झाली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण उरत नाही. तिसऱ्या माशाचा विचार पाऊस पडून हवा निवल्यावर करावा.